झाकणापाशी

न्यो अनिबल टाकीत उतरला तेव्हा त्याची अट एकच :
बोलत राहा.
मी हुं केलं नाही, की दोर ओढ.
आत हवा थोडी असते, माणूस झोप लागावी तसा जातो,
असं म्हणाला,
आणि शिडीच्या सातव्या पायरीखाली
त्याची टोपी दिसेनाशी झाली.

आता मी काय बोलू?
गावात म्हणतात, बेल्मिरा तोंडात मिठाची गुळणी धरूनच जन्मली.
आणि जुलैत या फोगो बेटावर ढगसुद्धा काही बोलत नाहीत,
ज्वालामुखीच्या खांद्यावर येऊन बसतात,
उठून जातात.
पाऊस आलाच तर ऑगस्टात.
टाकी त्याआधी व्हायला हवी.

म्हणून शेळीचं सांगितलं, तिच्या सुजलेल्या सडाचं.
आतून आवाज आला, घुमून दुप्पट म्हातारा झालेला :
हुं.
मक्याचा भाव सांगितला. हुं.
तारेचा ब्रश खरवडत होता.
गाळ मी सकाळीच उपसला होता :
काळी राख, एक वाळका सरडा,
आणि लहानपणी हरवल्याबद्दल मार खाल्ला तो चमचा.

मग ब्रश थांबला.
"भिंतीवर रेघा आहेत. खिळ्यानं ओढलेल्या. बाजूला सालं."

ते बाबांचं.
दर ऑक्टोबरात पाणी कुठवर चढलं ते कोरून ठेवायचे.
सगळ्यात उंच रेघ माझ्या जन्माची.
गुडघ्याएवढ्या उंचीवर तीन रेघा, एकीला एक चिकटून :
त्यातल्या तिसऱ्या वर्षी झेफेरीनू बोटीत बसला.

"चीर बरोब्बर त्या तिघींतून गेलीय," तो म्हणाला.
"वरवर लिंपून भागणार नाही. छिन्नीनं खोबण पाडून
आतून भरत यावं लागेल. रेघा जातील.
विचार कर.
पण बोलत राहा."

दोन्ही एकदम कसं करतात?

मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते
त्या चौकोनी अंधारात सोडलं :
चार वर्षं ब्रॉक्टनहून पत्र नाही, पैसे नाहीत.
लोक म्हणायचे, कुठंतरी पाणी मुरतंय.
गेल्या महिन्यात पत्र आलं, चार ओळींचं.
घर वीक म्हणतो. टाकीसकट.
टाकीसकट हा शब्द त्यानं वेगळा लिहिलाय,
म्हणजे आठवतेय त्याला.

खालून काही नाही.
मी दोराला हात घातला.

"हुं," तो म्हणाला. "ऐकत होतो."

फोड, मी म्हटलं.

बराच वेळ छिन्नी.
नंतर तो वर आला, पापण्यांवर पांढरी पूड,
आणि पावासोबत कॉफी पिताना शिकवल्यासारखं बोलला :
पहिला हात उभा, दुसरा आडवा, मध्ये एक रात्र.
कोपरे गोल ठेवायचे,
काटकोनात पाणी वाट शोधतं.
मग सात दिवस ओलं पोतं, सुकू द्यायचं नाही.

ते पाणी विकतचं. तीन पिंपं, गाढवावरून.
टाकीला पाणी धरायला शिकवायचं
तर आधी पाणीच पाजावं लागतं,
हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

नंतर तळाशी वीतभर पाणी सोडलं.
त्यातच एक बादली ठेवली, पाण्यानं भरलेली,
दोन्हीवर कोळशाची खूण.
बादली गळत नाही हे ठाऊक आहे.
टाकी बादलीइतकीच उतरली तर हवेनं प्यायली,
जास्त उतरली तर दगडानं.

दोन दिवसांनी मी स्वतः उतरले.
झाकणापाशी न्यो अनिबल, त्याला काही बोलायला सुचेना,
म्हणून तो माझ्याच शेळीचं मला सांगत राहिला.

बादली : नखभर.
टाकी : नखभर, आणि वर किंचित.

"नवं सिमेंट आधी स्वतःची तहान भागवतं," तो वरून ओरडला.
"परवा पुन्हा बघ."

झेफेरीनूला अजून उत्तर लिहिलेलं नाही.
पत्राच्या कोऱ्या बाजूवर दोन आकडे आहेत,
त्यांच्याखाली दोघांपुरती जागा.